स्क्रू की नुसती नस मोकळी? तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

एका मावशींच्या एकाच एमआरआयवर मिरजेतल्या दोन सर्जनांनी दोन वेगळी ऑपरेशनं सांगितली. पहिले म्हणाले, मणका पुढे सरकलाय, स्क्रू आणि सळ्या घालून खालच्या मणक्याशी जोडून टाकावा लागेल. दुसरे म्हणाले, दबलेल्या नसा मोकळ्या करू, स्क्रूची गरज दिसत नाही. दोघंही अनुभवी, दोघांकडे ऑपरेशन होऊन बरे झालेल्या पेशंटना मी व्यायाम शिकवले आहेत. घरच्यांचा समज मात्र असा झाला की एक जण चुकतोय, नाहीतर पैशाला बघतोय. मावशींचा मुलगा फाइल घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, ह्यातलं खरं कुणाचं?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण त्याच्या आधी आणि नंतर पेशंट कितीतरी महिने माझ्यासमोर असतो. त्यामुळे कुठला निर्णय विचार करून झाला आणि कुठला घाईत, हे मला जवळून दिसतं. हे प्रकरण मावशींच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार काय होती

मावशी ६१ वर्षांच्या. तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग, दारात दोन म्हशी. मधुमेह ९ वर्षांचा, गोळ्या चालू. पायांचं दुखणं दीड-दोन वर्षांचं होतं, पण ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणीची कामं लागली तेव्हा ते हाताबाहेर गेलं. मांडवाखाली दहा मिनिटं उभं राहिलं की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत आग व्हायची, उजव्या पायाला जास्त. मग पाय बधिर, मग उचलेनासा. बांधावर टेकलं की पाच मिनिटांत उतार पडायचा. घरापासून एसटी स्टँडपर्यंतच्या वाटेवर त्या तीन ठिकाणी बसायच्या.

तपासत असताना त्या बोलून गेल्या, "भांगलायला सांगा, दिसभर भांगलते. पर बागंत हात वर करून हुबं ऱ्हायलं की पाय जळत्यात."

एमआरआयचं पाकीट उघडायच्या आधीच निदानाचा मोठा भाग या बोलण्यात आला होता. कण्याच्या मागच्या अंगाला नसांची नळी असते. माणूस पुढे वाकला की ती नळी थोडी रुंदावते, मागे झुकला की अरुंद होते. भांगलताना, म्हणजे तण काढताना, उकिडवं बसून पाठ पुढे येते, नसांना जागा मिळते. मांडवाखाली हात वर, मान वर, कंबर मागे. आधीच चिंचोळी झालेली नळी आणखी आवळली जाते. गादी सरकलेल्या माणसाचं बहुतेक वेळा उलटं असतं, त्याला वाकून बसलं की चमक मारते. म्हणून "कंबर कुठे दुखते" यापेक्षा "काय करताना दुखतं आणि काय केल्यावर थांबतं" हा प्रश्न मी आधी विचारते.

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या भरून येतात आणि मधुमेहात तो धोका जास्त असतो, म्हणून दोन्ही पावलांच्या नाड्या पाहिल्या. त्या नीट लागत होत्या. शिवाय रक्तवाहिनीचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. मावशींना बसावंच लागायचं. उजव्या पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद थोडी कमी भरली. दोन्ही तळव्यांना मुंग्या होत्या, त्यात मधुमेहाचाही हात असणार हे तेव्हाच घरच्यांना सांगून ठेवलं. लघवी तुंबते का, नकळत होते का, बसायच्या जागेची संवेदना गेलीय का, हे दर भेटीत विचारत राहिले. या प्रश्नांना मावशी लाजायच्या, सूनही खाली बघायची. तरी विचारणं सोडता येत नाही. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा झुपका लोंबत असतो. तो झुपकाच चेपला गेला तर ते तातडीचं ऑपरेशन असतं, शक्यतो ४८ तासांच्या आत. तिथे दुसरा सल्ला, तिसरा सल्ला करत बसायचं नसतं. मावशींना यातलं काही नव्हतं, म्हणून विचार करायला वेळ होता.

कागद काय सांगत होते

एमआरआयचा अहवाल दोन पानी. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये नळी खूप अरुंद, मागचे सांधे फुगलेले, मणके मागून बांधून ठेवणारा पिवळा लिगामेंट जाडावलेला, चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकलेला. त्याशिवाय वरच्या आणि खालच्या गाद्यांना फुगवटे, गाद्या सुकलेल्या. घरच्यांनी सगळ्या नोंदी मोजल्या आणि "पाच ठिकाणी गॅप आलाय" असं गावभर झालं.

या मोजणीची मला काळजी वाटते. ज्यांना पाठीचं काहीच दुखणं नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. साठीतल्या, काही न दुखणाऱ्या माणसांपैकी ८८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ६९ टक्क्यांना फुगवटा. म्हणजे मावशींच्या अहवालातल्या बहुतेक ओळी त्यांच्या वयाच्या शेजारणीच्या अहवालातही निघाल्या असत्या. तक्रारीशी जुळणारी जागा एकच होती, चौथा-पाचवा मणका. मणका सरकण्याचा हा झिजेचा प्रकार याच जागी सर्वांत जास्त आढळतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

एमआरआय आडवं झोपवून काढतात. सरकलेला मणका झोपल्यावर पुष्कळदा थोडा जागेवर येतो आणि चित्रात कमी दिसतो. म्हणून उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून असे साधे एक्स-रे लागतात. मावशींच्या फाइलमध्ये ते नव्हते. हजारो रुपयांचा एमआरआय होता, पण मणका हलतोय की नाही हे सांगणारे काहीशे रुपयांचे एक्स-रे कुणी काढलेच नव्हते. काढल्यावर दिसलं की मणका पाव भागापेक्षा कमी, म्हणजे पहिल्या श्रेणीचा, सरकलेला आहे आणि वाकताना-झुकताना त्यात मिलिमीटरभराचाच फरक पडतो. हाडांची घनताही मोजून घेतली. टी-स्कोअर उणे २.८ आला, उणे २.५ किंवा त्याखाली हाडं ठिसूळ धरतात.

आधी तीन महिने

मावशींच्या जाऊबाईंनी सांगितलं होतं की ऑपरेशन नाही केलं तर पाय जातील. ही भीती घरोघरी आहे. नळी अरुंद होण्याचा हा आजार बहुतेकांत हळू चालतो. वर्षानुवर्षं तेवढाच राहिलेले लोक पुष्कळ आहेत. अंगठ्याची ताकद भराभर उतरत असती तर गोष्ट वेगळी होती. ती तशी उतरत नव्हती, म्हणून आधी तीन महिने व्यायाम करायचं ठरलं: गुडघे छातीशी घेणं, पोटाच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंची ताकद, काठीवर किंचित पुढे झुकून थोडं थोडं चालणं.

मी ज्या विद्येवर जगते तिच्याबद्दल इथे सरळ बोलायला हवं. अमेरिकेत १६९ पेशंटवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आजारासाठी ऑपरेशन आणि फिजिओथेरपी यांची तुलना झाली. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच सुधारलेले दिसले. हा निकाल आमच्या व्यवसायात अभिमानाने सांगितला जातो. पण व्यायामाच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी त्या दोन वर्षांत शेवटी ऑपरेशन करून घेतलं, हेही त्याच अभ्यासात आहे. व्यायामाने काहींचं ऑपरेशन खरंच टळतं. कुणाचं टळेल हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मावशींची चाल दीडशे मीटरवरून तीनशेपर्यंत गेली आणि तिथे अडली. मांडवाखालचं उभं राहणं दहा मिनिटांवरून बारावर आलं. मधल्या काळात मुलाने कण्यात द्यायच्या इंजेक्शनचं विचारलं. ४०० पेशंटवरच्या २०१४ च्या अभ्यासात नळी अरुंद झालेल्यांना स्टेरॉइडचा नुसत्या भूल देणाऱ्या औषधापेक्षा फारसा जास्त फायदा सहा आठवड्यांनीही दिसला नव्हता, आणि मधुमेहात स्टेरॉइडने साखर चढते. गादी सरकून एका पायात चमक मारणाऱ्या माणसाला इंजेक्शनाने वेळ मिळू शकतो, पण मावशींसाठी ते मला पटलं नाही. त्यांच्या फिजिशियननीही तेच सांगितलं.

दोन सल्ले

मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं. आज बेळगाव-विजापूरकडूनही लोक इथे उपचाराला येतात. एका दिवसात दोन सर्जनांना भेटता येईल अशी गावं महाराष्ट्रात फार नाहीत, आणि दुसरा सल्ला घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. मीच मुलाला दुसरीकडे पाठवलं होतं.

पहिल्या सर्जनांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. नसा मोकळ्या करायच्या म्हणजे मागचं थोडं हाड, सांध्याचा थोडा भाग आणि जाडावलेला लिगामेंट काढायचा. मणका आधीच सरकलेला असताना मागचा आधार काढला तर तो आणखी सरकेल, म्हणून चार स्क्रू, दोन सळ्या आणि गादीच्या जागी पिंजरा घालून दोन्ही मणके एकजीव करायचे. १९९१ साली ५० पेशंटवरच्या एका अमेरिकन अभ्यासात मणके जोडलेल्यांचा निकाल उजवा ठरला आणि मग पुष्कळ वर्षं "सरकला की जोडा" हाच रिवाज राहिला. आजच्या ज्येष्ठ सर्जनांची एक अख्खी पिढी त्या रिवाजात तयार झाली आहे.

नंतर मोठे अभ्यास झाले. स्वीडनमध्ये २४७ जणांवर, त्यातल्या १३५ जणांचा मणका सरकलेला; २०१६ साली निकाल आला की दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही नुसत्या मोकळ्या केलेल्या नसा आणि जोडकाम यांत पेशंटच्या दुखण्या-चालण्यात फरक नाही. दवाखान्यातला मुक्काम मात्र सरासरी ४.१ विरुद्ध ७.४ दिवस. पुढे नॉर्वेत सरकलेल्या मणक्याच्याच २६७ पेशंटवर अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. ठरलेल्या मापाने सुधारलेले लोक नुसत्या मोकळीकीत ७१.४ टक्के, जोडकामात ७२.९ टक्के. पुन्हा ऑपरेशनची वेळ मात्र पहिल्या गटात थोडी जास्त जणांवर आली: १२.५ टक्के विरुद्ध ९.१.

उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो मी मुलाला दाखवला. २०१६ सालच्याच एका अमेरिकन अभ्यासात, ६६ पेशंटमध्ये, जोडकाम केलेल्यांची शारीरिक क्षमता थोडी बरी राहिली आणि चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन १४ टक्क्यांना लागलं, नुसत्या मोकळीकीत ३४ टक्क्यांना. म्हणून "स्क्रू टाकणारे सगळे लुटतात" हे विधान मी खपवून घेत नाही. पस्तिशीतला गवंडी, ज्याच्या मणक्याची मागची कमान तुटून मणका सरकलाय, क्ष-किरणात पुढे-मागे धडधडीत हलणारा मणका, अपघातात फुटलेला, क्षयाने पोखरून वाकलेला आणि नसा दाबणारा मणका. यांना आधार लागतो. क्षयाचं तर आपल्याकडे विसरून चालत नाही. त्यात मुख्य इलाज औषधांचा आणि ऑपरेशन काहींनाच, पण ज्यांना लागतं त्यांना स्क्रूच पुष्कळदा उभं करतात.

दोन सल्ल्यांत दिसणारा फरक असा दोन पुराव्यांतला होता. मावशींच्या बाबतीत तो सुटला त्यांच्या स्वतःच्या शरीरावरून. मणका हलत नव्हता, म्हणजे जोडण्याचं मुख्य कारण कमकुवत झालं. हाडं ठिसूळ होती, म्हणजे स्क्रूची पकड ढिली पडण्याचा धोका वाढला. आणि तिसरी गोष्ट मावशींनीच सांगितली. त्यांच्या दुखण्याचे दोन आकडे मी वेगळे लिहून घेतले होते, दहापैकी: पाय ८, कंबर ५. विचारलं, ह्यातलं काय गेलं पाहिजे? म्हणाल्या, "बागंत हुबं ऱ्हाता आलं पायजे. कंबर काय, ती हायच."

नसा मोकळ्या करण्याचं ऑपरेशन पायांसाठी असतं. कंबरदुखीचा भरवसा त्यात कुणी देऊ नये आणि कुणी धरू नये. ऑपरेशन "फेल गेलं" म्हणणारे जे लोक मला भेटतात, त्यांतल्या कितीतरी जणांचे पाय बरे झालेले असतात. त्यांना कंबर हवी होती आणि ते आधी कुणी विचारलंच नव्हतं. मावशींनी स्वतःच्या तोंडाने उत्तर दिल्यावर मुलगाही शांत झाला. ते एक्स-रे, हाडांचा अहवाल आणि हे दोन आकडे घेऊन तो पुन्हा पहिल्या सर्जनांकडे गेला. नवे एक्स-रे पाहून तेही म्हणाले की नुसती मोकळीक करून पाहायला हरकत नाही, मात्र पुढे मणका सरकला तर जोडकामाची तयारी ठेवा. ऑपरेशन शेवटी त्यांच्याकडेच झालं.

मुलाने मोबाइलवर "लेसर", "बिनटाक्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन" असं बरंच काही पाहिलं होतं. गादी सरकून नस दबली असेल तर दुर्बिणीचं ऑपरेशन सूक्ष्मदर्शकाच्या ऑपरेशनाइतकंच चांगलं ठरतं, असं नेदरलँड्समधल्या ६१३ पेशंटच्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं. पण कातडीवरचा छेद किती लहान यावरून पेशंट बरा होत नाही. आत काय काढायचं, किती काढायचं आणि ते त्या सर्जनांनी किती वेळा केलंय, हे विचारावं.

खर्चाचं एका वाक्यात सांगण्यासारखं: दोन अंदाजांत दुपटीहून जास्त फरक होता आणि त्यातला बराचसा इम्प्लांटचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. नेमकं कुठलं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात बसतं हे रेशनकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी विचारावं, भरती झाल्यावर नको.

मिश्री

तयारीत सर्वांत अवघड निघाली मिश्री. तंबाखू खाता का असं पेपरवर विचारलं होतं आणि मावशींनी "नाही" सांगितलं होतं. सकाळी दात घासायला आणि दुपारी कामात दोनदा मिश्री लावायच्या, पण ती त्यांच्या हिशेबात तंबाखू नव्हतीच. आपल्या भागात ही सवय बायकांत किती आहे हे माहीत असूनही दवाखान्यांत बायकांना हा प्रश्न नीट विचारला जात नाही. निकोटीनने जखम भरायला उशीर होतो, आणि मणके जोडायचे असते तर हाड एकजीव होण्यातही अडथळा आला असता. सुनेने डबी लपवली, दोन आठवडे घरात चिडचिड झाली, मग सुटली. साखरेचा तीन महिन्यांचा आकडा ८.६ होता, तो ७.३ वर येईपर्यंत सर्जन थांबले. ते थांबले याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

संमतीपत्रावर नसांच्या आवरणाला चीर पडण्याचा उल्लेख होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात या ऑपरेशनात साधारण ९ टक्के पेशंटना ती पडली. बहुतेक वेळा तिथेच शिवली जाते आणि काही दिवस जास्त झोपून राहावं लागतं. मावशींना ती पडली नाही. एका बाजूने शिरून दोन्ही बाजूंच्या नसा मोकळ्या केल्या, दुसऱ्या बाजूचे स्नायू तसेच राहिले.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून त्या संडासापर्यंत गेल्या आणि पायातली आग नाही म्हणून रडल्या. चौथ्या दिवशी घरी. घरी मग पाहुण्यांची रीघ आणि प्रत्येकाचा एकच सल्ला, सहा महिने अंथरुणातून उठायचं नाही. मी मुलाच्या फोनवरून भावकीला समजावून सांगितलं की चालणं हाच यातला इलाज आहे. पहिले सहा आठवडे वाकून उचलणं बंद, म्हशींचं सगळं सुनेकडे, खाली बसण्याऐवजी खुर्ची, संडासात कमोडची खुर्ची. चालणं दिवसातून चार वेळा, आधी अंगणात, मग गल्लीत.

तीन महिन्यांनी पाय ८ वरून २ वर. वर्षाने २ वरच. कंबर ५ वरून ४. चाल एक किलोमीटरच्या पुढे. अंगठ्याची ताकद भरून आली. तळव्याच्या मुंग्या आहेत तशाच, आणि त्या राहतील असं मला वाटतं.

पुढच्या छाटणीला त्या मांडवाखाली गेल्या. तिथे एक बदल केला: पायाशी वीट ठेवायची, एक पाय विटेवर, काही मिनिटांनी दुसरा. त्याने कंबर मागे कमी झुकते. अर्धा तास झाला की पुढे वाकून बसायचं. पहिल्या आठवड्यात बाकीच्या बायका बघायच्या. आता त्यांच्यातल्या दोघींनीही विटा आणल्या आहेत.

वर्षाच्या उभ्या एक्स-रेत मणका होता तिथेच आहे. हाडांचं औषध आणि ड जीवनसत्त्व चालू आहे. पायातली आग परत आली, चाल पुन्हा तुटायला लागली तर नवा एक्स-रे काढून जोडकामाचा विचार होईल, हे मावशींना आणि मुलाला दोघांनाही माहीत आहे. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर रात्र असली तरी त्याच दिवशी मिरज गाठायची. हे मुलाने फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.